स्थानिक कलावंतांचे गाणे रेडिओवर कधी, कसे आणि किती वेळा वाजावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्यातील चार तरुणांचा एक गट स्वतः लिहिलेली आणि स्वतः चाली लावलेली मराठी गाणी करतो. त्यांपैकी एक गाणे एका वाहिनीवर रविवारी रात्री उशिरा, स्थानिक कलावंतांसाठी राखलेल्या सदरात एकदा वाजले. घरच्यांनी आणि मित्रांनी ते ऐकले, अभिनंदनाचे संदेश आले आणि पुढे काहीच घडले नाही. वाशीत कार्यक्रम ठेवला, तेव्हा ओळखीच्या बहुतेकांनी मोफत प्रवेशिका मागितल्या. अशा स्थितीत रेडिओवर गाणे वाजल्याने कलावंताला खरोखर काही लाभ होतो का, आणि आपल्या भागातील श्रोत्यांची वृत्ती बदलू शकते का, असे या गटाने विचारले आहे.

एफएम वाहिनीचा संगीत विभाग सांभाळण्यात आणि त्यानंतर सामुदायिक रेडिओ केंद्रांना, म्हणजे संस्था वा महाविद्यालये आपल्या परिसरासाठी चालवतात त्या छोट्या केंद्रांना, कार्यक्रम आखून देण्यात माझ्या कामाची बहुतेक वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून मी सांगतो की लाभ निश्चित होतो, पण गाणे एकदा वाजल्याने होत नाही. गाणे नेहमीच्या यादीत असावे लागते, लोक जागे असतात आणि रस्त्यावर असतात त्या वेळी ते वाजावे लागते, त्याच्या मागेपुढे श्रोत्याच्या ओळखीची गाणी असावी लागतात, निदान पाचसहा आठवडे ते पुन्हा पुन्हा कानावर पडावे लागते आणि प्रत्येक वेळी गायकाचे, गीतकाराचे व संगीतकाराचे नाव घेतले जावे लागते. यांतील एक गोष्ट सुटली तरी परिणाम निम्म्यावर येतो, आणि तुमच्या गाण्याच्या बाबतीत तर जवळपास सगळ्याच सुटल्या होत्या. त्यामुळे त्या एका प्रसारणावरून आपल्या गाण्याची किंवा लोकांच्या आवडीची परीक्षा झाली, असे कृपया समजू नका.

खासगी एफएमवर गाणी आरजे निवडतो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आरजेला आयती यादी मिळते. ती यादी म्युझिक मॅनेजर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तयार करतो आणि तीत गाण्यांचे गट पाडलेले असतात: सध्या चालणारी नवी गाणी, काही महिने जुनी पण अजून उतरणीला न लागलेली गाणी, आणि सदाबहार गाणी. तासाच्या कोणत्या मिनिटाला कोणत्या गटातील गाणे येणार हे ठरलेले असते. त्या गटात प्रवेश मिळण्यासाठी गाण्याची चाचणी होते, आणि नवख्या कलावंताची खरी अडचण या चाचणीत आहे. श्रोत्याला फोनवरून किंवा खोलीत बसवून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा, बहुधा मुखड्यातील ओळ, ऐकवली जाते आणि तीन गोष्टी विचारल्या जातात: हे गाणे ओळखीचे वाटते का, आवडते का, आणि ऐकून ऐकून कंटाळा आला आहे का. ज्याने गाणे कधीच ऐकलेले नाही तो पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणतो, आणि अनोळखी गाण्याला आठ सेकंदांत मनापासून गुण देणारा श्रोता विरळा. म्हणजे ओळख नाही म्हणून गाणे वाजत नाही, आणि वाजत नाही म्हणून ओळख होत नाही. चित्रपटगीताच्या मागे निर्मात्याचा जाहिरातखर्च, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे उभी असल्याने ते हा फेरा बाहेरून तोडून आत येते. कोपरखैरण्याच्या चार मुलांकडे ते बळ नसते.

यात आपल्या भागाची आणखी एक विशेष अडचण आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत आपण ज्या खासगी वाहिन्या ऐकतो, त्या मुंबईच्या परवान्यावर चालतात, त्यांचा जाहिरातदार मुंबई म्हणून वेळ विकत घेतो आणि श्रोतृसंख्येची मोजणीही मुंबई या एकाच बाजारपेठेची होते. घोडबंदर रस्त्यावर अडकलेला नोकरदार, ठाणे–बेलापूर रस्त्यावरचा कंपनीच्या बसमधील प्रवासी आणि कुलाब्यातील दुकानदार त्या हिशेबात एकाच रकान्यात बसतात. त्यामुळे ठाण्याचा म्हणून वेगळा आवाज वाहिनीवर असावा, असे वाटण्याचे व्यावसायिक कारण वाहिनीला आपोआप दिसत नाही. ते दाखवून द्यावे लागते, आणि ते कसे, याकडे मी पुढे येतो.

आता श्रोत्यांच्या वृत्तीविषयी. कलावंत मंडळींच्या बोलण्यात एक कडवटपणा हमखास येतो: आपल्या लोकांना आपल्याच माणसाची किंमत नाही. मला हे पटत नाही. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आली तरी तिच्याबद्दलची पसंती वाढते. तिचे गुण तेवढेच राहतात, बदलते ते तिचे अनोळखीपण. संगीताच्या बाबतीत याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रयोग मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा आहे. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी अनोळखी गटांची ४८ गाणी १४,००० हून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना केवळ गाणी दिसत होती, तर काहींना आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले तेही दिसत होते. ज्यांना इतरांची पसंती दिसत होती, त्यांच्यात लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली. शिवाय, वेगवेगळ्या समूहांत निरनिराळी गाणी वर आली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सामान्य गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत, परंतु मधल्या मोठ्या पट्ट्यातील कोणतेही गाणे कुठेही जाऊ शकत होते. याचा अर्थ, श्रोता गाणे एकट्याने ठरवत नाही. इतर कोण ऐकत आहे, हे तो पाहतो. रेडिओवर एखादे गाणे सकाळी नऊ वाजता दोन गाजलेल्या गाण्यांच्या मध्ये लागते, तेव्हा वाहिनी न बोलता सांगत असते की हे गाणे याच रांगेतले आहे. तेच गाणे रविवारी रात्री साडेअकराला वेगळ्या कोपऱ्यात लागते, तेव्हा वाहिनी तितक्याच स्पष्टपणे उलटे सांगत असते.

निवेदनाचेही तसेच आहे. गाण्याआधी आरजे जे बोलतो त्याला आमच्याकडे लिंक म्हणतात, आणि पंधरा सेकंदांच्या लिंकने गाणे उभे राहते किंवा बसते. एका प्रकारची लिंक आपण नेहमी ऐकतो: ‘आता ऐकूया आपल्याच भागातल्या एका होतकरू कलाकाराचा प्रयत्न, त्याला आपण सगळ्यांनी साथ द्यायला हवी.’ हे ऐकून श्रोत्याच्या मनात कर्तव्याची भावना येते, आणि कर्तव्य म्हणून ऐकलेले गाणे कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. दुसऱ्या प्रकारची लिंक अशी असते: ‘ऐरोलीहून शेवटची बस चुकलेल्या मुलाचं हे गाणं आहे. दुसऱ्या अंतऱ्यात बासरी येते, तिकडे लक्ष द्या.’ त्यानंतर गाणे आणि गाणे संपल्यावर नावे. पहिल्या लिंकमध्ये कलावंताची गरज सांगितली आहे, दुसरीत श्रोत्याला ऐकण्याचे कारण दिले आहे. मी नव्या निवेदकांना एकच शिस्त लावत आलो: कलावंत नवा आहे किंवा धडपडतो आहे, हे निवेदनात सांगायचे नाही. गाण्यात काय ऐकायचे ते सांगायचे, आणि नाव गाण्याच्या आधी घेतले असले तरी नंतर पुन्हा घ्यायचे, कारण गाणे आवडल्यावरच माणूस नाव शोधतो.

सक्ती हा उपाय आहे का, असे अनेकजण विचारतात. काही देशांनी तो करून पाहिला आहे. कॅनडात १९७१ पासून रेडिओ वाहिन्यांवर कॅनडातील संगीताचा ठरावीक वाटा बंधनकारक झाला. आरंभी तो ३० टक्के होता, आणि आज लोकप्रिय संगीतासाठी व्यावसायिक वाहिन्यांवर तो ३५ टक्के आहे. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या आदेशाने दर तासाला किमान चार देशी गाणी वाजवण्याचे बंधन आले. फ्रान्सने १९९६ पासून फ्रेंच गाण्यांसाठी ४० टक्के वाटा ठरवला आणि त्यातील निम्मा नव्या कलावंतांसाठी किंवा नव्या निर्मितीसाठी राखला. या नियमांनी त्या देशांतील संगीत व्यवसायाला आधार मिळाला, हे खरे आहे. परंतु वाहिन्यांनी पळवाटाही शोधल्या. कॅनडात देशी गाणी कमी ऐकली जाणाऱ्या वेळांत कोंबली जाऊ लागली, म्हणून सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेतही तोच वाटा पाळण्याचे बंधन घालावे लागले. फ्रान्समध्ये मोजकी फ्रेंच गाणी सतत वाजवून टक्केवारी भरली जाऊ लागली, म्हणून २०१६ मध्ये कायद्यात बदल करून त्या पुनरावृत्तीला मर्यादा घालावी लागली. टक्केवारी कागदावर भरली म्हणजे गाणे श्रोत्यापर्यंत पोहोचलेच, असे होत नाही. वेळ आणि शेजार हेच निर्णायक ठरतात.

आपल्या देशाचा अनुभव तर याहून बोलका आहे. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोत्याने अभिरुची बदलली नाही, त्याने केंद्र बदलले आणि तो रेडिओ सिलोन ऐकू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला ती गाणी परत आणावी लागली. श्रोत्याच्या ओळखीचे सगळे काढून घेऊन त्याला नवे दिले तर तो निघून जातो. ओळखीच्या दोन गाण्यांमध्ये नवे ठेवले तर तो थांबतो.

त्याच दशकात महाराष्ट्रातच याचे उलट उदाहरण घडले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीने सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने गीतरामायणाचे प्रसारण सुरू केले. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. मालिका वर्षभर चालली आणि तीत ५६ गीते झाली. या मालिकेच्या काव्याबद्दल आणि संगीताबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. मला इथे नोंदवायचे आहे ते तिच्या प्रसारणाविषयी. नवे गीत शुक्रवारी सकाळी येई आणि तेच शनिवारी व रविवारी सकाळी त्याच वेळी पुन्हा लागे. एका प्रादेशिक केंद्राने, आपल्याच शहरातील कलावंतांना हाताशी धरून, अगदी नवी गाणी लोकांना दिली, ती घरात सगळे असतात अशा वेळी दिली आणि आठवड्यातून तीनदा दिली. कवी आणि संगीतकार थोर होते, हे निर्विवाद. तरीही ही गीते एकदाच रात्री लागली असती तर घरोघरी इतक्या लवकर पाठ झाली नसती, असे माझे ठाम मत आहे.

या सगळ्यावरून मी वाहिन्यांना जी योजना सुचवतो ती सांगतो. सकाळी ८ ते रात्री १० या वेळेत दर तासाला एक गाणे स्थानिक कलावंताचे ठेवावे. एका वेळी सातच गाणी घ्यावीत आणि ती सहा आठवडे चालवावीत. दिवसाला १४ जागा होतात, म्हणजे प्रत्येक गाणे दिवसातून दोनदा आणि सहा आठवड्यांत ८४ वेळा वाजते. आज सकाळी वाजलेले गाणे उद्या संध्याकाळी यावे, म्हणजे ठरावीक वेळी प्रवास करणाऱ्या माणसाच्या कानावरही ते अधूनमधून पडते. तासाला एका गाण्याने कोणत्याही वाहिनीचा श्रोता पळून जात नाही. सातऐवजी सत्तर गाणी घेऊन सगळ्यांना एकेकदा संधी देण्याचा मोह मात्र टाळावा. त्यात न्याय दिसतो, पण कुणाचाच फायदा होत नाही. निवड कठोर असावी लागते, आणि न निवडलेल्यांना कारण कळवावे लागते. ब्रिटनमध्ये बीबीसीने २००७ पासून चालवलेल्या योजनेत नवे कलावंत आपले गाणे संकेतस्थळावरून पाठवतात, त्या त्या भागातील केंद्रावरचे निवेदक ते ऐकतात आणि चांगले गाणे राष्ट्रीय वाहिनीकडे पुढे पाठवतात. हा जिना आपल्याकडेही बांधता येईल.

ठाणे आणि नवी मुंबई म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे स्थानिक संगीत नाही किंवा त्याला श्रोता नाही, हे म्हणणेच चूक आहे. चेंदणी कोळीवाड्यापासून बाळकुम, कोलशेतपर्यंत आणि घणसोलीपासून करावे, सारसोळे, दिवाळ्यापर्यंत कोणत्याही गावात हळदीच्या रात्री जाऊन पाहा. बेंजो आणि ब्रास बँडवर आगरी-कोळी गाणी पहाटेपर्यंत चालतात, त्यातली नवी गाणी यूट्यूबवर प्रचंड ऐकली जातात आणि गायकांना तारखा आधी घेऊन बोलावले जाते. तिथे कुणी फुकट मागत नाही, वाजवणाऱ्यांना सुपारी आधी मोजली जाते. हा पैसे देणारा, नाव ओळखणारा, गाणे पाठ असणारा श्रोता मुंबईच्या खासगी वाहिन्यांच्या हिशेबात फारसा येत नाही. याचे एक कारण वाहिन्यांचा संकोच आहे आणि दुसरे कारण कलावंतांच्या बाजूचे आहे. हळदीची बरीच गाणी गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली असतात. मांडवात ते चालून जाते, पण चालीचे हक्क दुसऱ्याचे असल्याने वाहिनीचा विधी विभाग असे गाणे प्रसारित करू देत नाही. ज्या गायकांनी स्वतंत्र चाली बांधल्या आहेत त्यांच्यासाठी हे दार उघडू शकते, आणि या क्षेत्रातील मंडळींनी वर्षाला दोन गाणी तरी पूर्णपणे स्वतःच्या चालीवर करावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

याच गावांत धवला गाणाऱ्या स्त्रिया आहेत. लग्नाच्या एकेका विधीला त्याचा त्याचा धवला असतो आणि तो गाणाऱ्या धवलारणीला मांडवात मान असतो. एका सामुदायिक केंद्रासाठी आम्ही अशा एका वयस्क धवलारणीचे ध्वनिमुद्रण करायला घेतले. स्टुडिओत, काचेपलीकडे आम्ही आणि अलीकडे त्या एकट्या, अशा मांडणीत त्यांचा आवाज लागेना. ओळ संपली की त्या थांबत, कारण पुढची ओळ उचलून घ्यायला दुसरी बाई नव्हती. मग आम्ही यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो, पंखा आणि फ्रीज बंद केला, सून आणि शेजारीण दोन्ही बाजूंना बसल्या, आणि हळद दळण्याचा धवला त्यांनी न थांबता गायला. मागे बांगड्यांचा आवाज आहे, मध्येच गल्लीतून मासेवालीची हाक आहे. आम्ही ते काढून टाकले नाही. प्रसारणानंतर केंद्रावर आलेले फोन बहुतेक तिशीच्या आतील मुलींचे होते, आणि त्या शब्द लिहून मागत होत्या. श्रोत्याला जुने नको असते, ही समजूत त्या दिवशी केंद्रातल्या सगळ्यांच्या मनातून गेली.

मोफत प्रवेशिकेच्या प्रश्नाकडे येतो. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले आणि तिकिटांसाठी किती झुंबड उडाली ते सर्वांनी पाहिले. याच शहरातील माणूस तुमच्या कार्यक्रमाचे दोनशे रुपये देताना कचरतो, म्हणून तो कंजूष ठरत नाही. तिकडे त्याला एकेक गाणे वर्षानुवर्षे पाठ असते आणि आपल्याबरोबर हजारो लोक ते गाणार आहेत, हे ठाऊक असते. तुमचे एकही गाणे त्याने ऐकलेले नसते. माणूस अनोळखी गाण्यासाठी पैसे देत नाही, ओळखीच्या गाण्यासाठी देतो. म्हणूनच आधी प्रसारण आणि मग कार्यक्रम, हा क्रम सोडू नये. गाणे वाहिनीवर चार आठवडे चालले आणि मग गडकरी रंगायतन, काशिनाथ घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह घेतले, तर पहिल्या मुखड्याला सभागृहातून प्रतिसाद येतो. मोफत प्रवेशिका मुळीच वाटू नका, असे मात्र मी सांगणार नाही. ठाण्यात तलावपाळीवरची आणि राम मारुती रस्त्यावरची दिवाळी पहाट, पाडव्याची स्वागतयात्रा, उपवनच्या तलावाकाठचे महोत्सव या सगळ्यांत विनामूल्य ऐकण्याची जुनी सवय आहे आणि ती चांगली सवय आहे. तिथे गा, पण तिथून पुढच्या सशुल्क कार्यक्रमाची तारीख सांगूनच खाली उतरा.

वाहिनीला व्यावसायिक कारण कसे दाखवावे, हेही इथेच येते. ठाण्यातील सराफ, मिठाईवाला, क्लासचालक, वाशीचा गाडीविक्रेता यांना संपूर्ण मुंबईचा दर परवडत नाही किंवा त्याची गरज नसते. पण स्थानिक गाण्याच्या जागेचे प्रायोजकत्व आणि त्याला जोडून आपल्या भागात कार्यक्रम, असा एकत्रित प्रस्ताव त्यांना पटतो. असा एक प्रायोजक बरोबर घेऊन तुम्ही वाहिनीच्या विक्री विभागाकडे गेलात, तर संगीत विभागाचे दार आतून उघडते. कला विकण्याचा हा हिशेब कुणाला खटकेल, पण वाहिनीचा पगार जाहिरातीतूनच होतो आणि ते मान्य करून बोलणे हेच प्रामाणिक आहे.

खासगी वाहिन्यांच्या मागे लागताना आकाशवाणीला विसरू नका. आकाशवाणीची ध्वनिचाचणी शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत अशा प्रकारांत होते आणि उत्तीर्ण कलावंताला बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात. श्रेणीधारकाला ठरावीक काळाने ध्वनिमुद्रणासाठी बोलावले जाते आणि मानधन मिळते. तरुणांसाठी युववाणी हा कार्यक्रम आहे. हे ध्वनिमुद्रण पुढे आकाशवाणीच्या मुंबईतील अस्मिता वाहिनीवर लागले की तिच्याकडे निष्ठेने वळलेला मराठी श्रोता तुम्हाला आयता मिळतो, आणि प्रसार भारतीच्या ॲपवर ती वाहिनी जगभर ऐकू येते. सामुदायिक रेडिओचे क्षेत्र लहान आहे. त्याच्या प्रक्षेपणाची शक्ती १०० वॅटपर्यंत मर्यादित असते आणि इमारतींच्या गर्दीत ते फार लांब जात नाही. पण निम्मा तरी आशय स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला असावा, असा त्याचा नियमच आहे. २०२४ च्या सुधारित धोरणाने अशा केंद्रांची जाहिरातीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटे केल्याने त्यांचा खर्च भागण्याची शक्यताही थोडी वाढली आहे. मुंबई विद्यापीठाचे १०७.८ मेगाहर्ट्झवरील केंद्र हे जवळचे उदाहरण आहे. एखाद्या महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे असे केंद्र जवळ असेल तर पहिली ८४ प्रसारणे तिथेच मिळवा. तिथे गाणे वाजले, फोन आले, त्यांची नोंद झाली, की ती नोंद मोठ्या वाहिनीपुढे ठेवता येते.

आता गाणे पाठवण्याच्या तयारीविषयी. एफएमवर ध्वनी १५ किलोहर्ट्झपर्यंतच जातो, आणि प्रक्षेपणाआधी उंच स्वर मुद्दाम उचलले जातात. त्यामुळे गायिकेच्या आवाजातील ‘स’ आणि ‘श’ स्टुडिओत गोड वाटले तरी वाहिनीवर टोचतात. मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात फिरवणाऱ्याला, गाणे रेडिओसाठी आहे, हे आधी सांगा आणि सकार मऊ करून घ्या. गाणे मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐकून पाहा. रिक्षात, दुकानात, कमकुवत लहरी असलेल्या ठिकाणी ते तसेच ऐकले जाणार असते, आणि डाव्या-उजव्या बाजूंना ताणून ठेवलेली गिटार किंवा कोरस मोनोत चक्क नाहीसा होऊ शकतो. गाणे आधीच कमाल मोठ्या आवाजाला दाबून पाठवू नका. वाहिनीचे यंत्र ते पुन्हा दाबते आणि तबल्याचा, ढोलकीचा कडकपणा मरतो. संगीताचा आरंभ दहा सेकंदांहून लांब नसावा आणि एकूण लांबी चार मिनिटांच्या आत असावी. लांब आवृत्ती तुमच्या कार्यक्रमासाठी ठेवा. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपातच पाठवा, समाजमाध्यमावरून उतरवलेली एमपीथ्री कधीही नाही.

कागदपत्रे ही मला गाण्याइतकीच महत्त्वाची वाटतात, कारण चांगली गाणी केवळ यासाठी परत गेलेली मी पाहिली आहेत. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, गीत कोणाचे, चाल कोणाची, वादकांची संमती आहे का, आणि वाहिनीला प्रसारणाची परवानगी कोण देत आहे, हे एका पानावर सर्वांच्या सह्यांसह लिहा. इंटरनेटवरून घेतलेला ठेका वापरला असेल तर त्याच्या परवान्याची प्रत जोडा. गीतकाराने आणि संगीतकाराने आयपीआरएस या, त्यांचे स्वामित्वधन (रॉयल्टी) गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य व्हावे आणि गाण्याची नोंद तिथे करावी. २०१२ च्या कायदा दुरुस्तीनंतर त्यांचा स्वामित्वधनाचा वाटा अधिक सुरक्षित झाला आहे, आणि रेडिओ वाहिन्यांनी ध्वनिमुद्रित गाण्यातील गीत-संगीताचे स्वामित्वधनही द्यावे, या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे. गाण्याला आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची स्वतंत्र ओळख ठरवणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, घ्या. तुमचे गाणे इंटरनेटवरील सेवांवर चढवणारा वितरकही तो देतो. त्याच्याविना वाहिनीच्या नोंदीत तुमचे गाणे दुसऱ्या कुणाच्या तशाच नावाच्या गाण्यात मिसळते आणि मिळायचे पैसे अडकतात.

श्रोत्यांना माझे सांगणे थोडके आहे. आवडलेल्या गाण्याची फर्माईश वाहिनीच्या क्रमांकावर नाव घेऊन करा, कारण संगीत विभागाला दाखवता येणारा तो सर्वांत सोपा पुरावा असतो. मात्र एकाच घरातून एकाच दिवशी आलेल्या वीस फर्माईशी ओळखू येतात आणि त्या गाण्याचे नुकसान करतात. कलावंताच्या नातेवाईकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वेगवेगळ्या भागांतून, काही आठवड्यांत, निरनिराळ्या वेळी आलेले पाच-सात संदेश त्याहून अधिक काम करतात.

तुमच्या गटाने यापुढे काय करावे, तेही सांगतो. रविवारी रात्री वाजलेले गाणे मागे ठेवू नका, तेच पुन्हा पाठवा, कारण लोकांनी ते अजून ऐकलेलेच नाही. गणपतीच्या सुमारास पाठवू नका, त्या दिवसांत उत्सवाच्या गाण्यांनी याद्या भरलेल्या असतात. उत्सवाचेच गाणे असेल तर ते आषाढ लागण्याआधी वाहिनीकडे पोहोचले पाहिजे. तुमच्या गाण्याला उत्सवाचा संदर्भ नाही, तेव्हा दिवाळी उलटून जाहिरातींची गर्दी ओसरल्यावर, नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात, एका गाण्याची छोटी आवृत्ती, एक पानी हक्कपत्र आणि निवेदकाला वापरता येतील अशा तीन ओळी इतकेच पाठवा. दोन आठवड्यांनी एकदा विचारणा करा. नकार आला तर कारण विचारून घ्या, आणि ते ध्वनिमुद्रणाचे असेल तर दुरुस्त करून त्याच माणसाकडे परत जा.